एकेक ओळ चालवताना मध्येच सिग्नल आला, तर डीबगरने हँडलरमध्ये शिरावे का?

आपण विचारले आहे की, दर 10 मिलिसेकंदांनी सिगअलार्म (टायमरचा सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मध्येच मिळणारा इशारा) येणाऱ्या एकाच सी प्रोग्रॅमवर ‘नेक्स्ट’ (पुढच्या ओळीपर्यंत चालव) दिले असता बेळगावच्या कॉलेजातील संगणकावर जीडीबी हा डीबगर (प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून चुका शोधण्याचे साधन) सरळ पुढच्या ओळीवर जातो, पण खानापूरला घरी तो सिग्नल आल्याचे सांगून अडतो आणि पुन्हा ‘नेक्स्ट’ दिल्यावर हँडलरमध्ये (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) शिरतो. यांतले योग्य कोणते? माझ्या मते कॉलेजातले. घरच्या जीडीबीच्या सुरुवातीच्या फाइलीत बहुधा या सिग्नलसाठी ‘स्टॉप’ (सिग्नल आला की थांब) लिहिलेले असावे. ‘इन्फो सिग्नल्स’ देऊन पाहा, कोणत्या सिग्नलला काय ठरले आहे ते दिसेल.

उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर तपासणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम मी लिहितो, त्यामुळे असा टायमर रोजचाच. आपण पडद्यावरची ओळ वाचत असतो तेव्हा प्रोग्रॅम थांबलेला असला, तरी घड्याळाच्या वेळेवर चालणारा टायमर थांबत नाही. म्हणून पुढचे पाऊल टाकण्याआधीच सिग्नल दारात उभा असतो. (अनेकदा वाजला, तरी असे साधे सिग्नल साठत नाहीत, एकच शिल्लक राहतो.) लिनक्समध्ये पीट्रेसने (डीबगर ज्यातून प्रोग्रॅम ताब्यात ठेवतो त्या सोयीने) सिग्नलसह एक सूचना (प्रोसेसरची एक आज्ञा) चालवायला सांगितली, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) हँडलरची चौकट (एका फंक्शन-कॉलची नोंद) स्टॅकवर, म्हणजे अशा नोंदींच्या थप्पीवर, रचून त्याच्या पहिल्याच सूचनेवर थांबतो. डीबगरने हे जसेच्या तसे दाखवले, तर माणूस दर पावलाला हँडलरमध्येच जाऊन पडेल आणि मूळ फंक्शन जागचे हलणार नाही.

म्हणून, जिथे व्यत्यय आला त्या पत्त्यावर डीबगरने तात्पुरता ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवणारी खूण) ठेवावा, सिग्नल पोहोचवून हँडलर पूर्ण चालू द्यावा आणि परतल्यावर राहिलेले पाऊल टाकावे. मात्र केवळ पत्ता जुळणे पुरेसे नाही, कारण हँडलरनेही तेच फंक्शन बोलावले, तर ब्रेकपॉइंट आतच लागेल. स्टॅकची चौकटही तीच आहे ना, हे पाहावेच लागते. दुसरी अडचण अधिक चिवट आहे: हँडलर सिगलाँगजंपने (न परतता आधी ठरवलेल्या जागी थेट उडी मारून) बाहेर पडला, तर त्या पत्त्यावर प्रोग्रॅम कधीच परतत नाही, आणि निव्वळ त्या ब्रेकपॉइंटवर विसंबलेल्या डीबगरच्या हातून तो निसटतो. तेव्हा उडी जिथे उतरेल तिथेही पहारा हवा.

सिगसेगव्हीची (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्यावर येणाऱ्या सिग्नलची) गोष्ट वेगळी. तो चालू सूचनेमुळेच उद्भवतो, म्हणून तिथे आधी थांबून सांगणेच रास्त.

हँडलर तपासायचा असेल, तर त्यात स्वतः ब्रेकपॉइंट ठेवावा. वरच्या पद्धतीतही डीबगरने तो पाळलाच पाहिजे. घरी ‘हँडल सिगअलार्म नोस्टॉप नोप्रिंट पास’ (थांबू नको, सांगू नको, सिग्नल प्रोग्रॅमला पोहोचव) द्या. त्रास टाळण्यासाठी ‘नोपास’ (सिग्नल पोहोचवू नको) मात्र देऊ नका, कारण मग हँडलर चालणारच नाही, त्यातला काउंटर वाढणार नाही, आणि आपण भलताच प्रोग्रॅम तपासत बसाल.