बंधूंनी सांगितलेली स्कीम

प्रिय भगिनी,

सलाम. तुम्ही बडोद्याला फतेगंजमध्ये राहता, यजमान मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगी ८ वर्षांची. पोटाला चिमटा काढून ४ लाख साठवलेत, डोक्यावर १ लाख २० हजारांचं पर्सनल लोन आहे. आपल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक बंधू महिन्याला ३ टक्के देणारी स्कीम सांगतात. यजमान म्हणतात, बायबलात मत्तय २५ मधल्या दासासारखे पैसे पुरून ठेवायचे का? तुम्हाला भीती वाटते, आणि बंधूंवर संशय घेतला म्हणून मनाला टोचणीही लागली आहे.

टोचणी काढून टाका. हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च काढावा, हे प्रभूनंच सांगितलंय, लूक १४ मध्ये. आणि यजमानांनी तो दृष्टांत पुढे वाचावा. धनी त्या दासाला म्हणतो, निदान सावकारांकडे ठेवले असतेस तर मला व्याजासह मिळाले असते. झटपट दामदुपटीचं तिथे काही नाही.

महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६. एवढं व्याज सतत कमावणारा धंदा तुमच्याकडे ४ लाख मागायला येणार नाही. अशा स्कीममध्ये बहुधा नव्या माणसांच्या पैशातून जुन्यांना व्याज जातं. नवी माणसं आटली की सगळं कोसळतं. बंधू कदाचित मनापासून बोलत असतील, त्यांचेही पैसे अडकले असतील. त्यांना प्रेमानं विचारा: पैसा नेमका कुठे लावतात, नोंदणी कुठे आहे, हे लिहून द्याल का?

तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार लागली. चार जणांना आणलं तर यजमानांना कमिशन मिळणार म्हणे. म्हणजे उद्या मंडळीतल्या एखाद्या विधवा बाईची पुंजी बुडाली, तर ती तुमच्या दारात येऊन रडेल. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला जामीन राहिलेल्याला सांगितलंय की झोपू नकोस, आधी स्वतःला सोडव. यजमानांना हा अध्याय जरूर वाचून दाखवा. भांडू नका, जेवणं झाल्यावर शांतपणे.

आता पैशांचं. आधी लोन फेडा. तुम्ही व्याज १४ टक्के लिहिलंय, ते वाचणं हीच खात्रीची कमाई. मुदतीआधी फेडल्याचा दंड तेवढा बँकेत विचारून घ्या. घरखर्च महिना ३० हजार, तेव्हा सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार बँकेत एफडीत ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, त्या स्कीमला कसला? यजमानांचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तो पगारातून काढा. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाच्या कामाला देणं, बंद करू का, असं विचारलंत. कर्ज फिटेपर्यंत थोडं कमी दिलंत तरी देव हिशेब धरून बसत नाही. मनात ठरवाल तेवढं आनंदानं द्या.

उरलेले १ लाख मुलीचे. पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा. ती १८ वर्षांची झाली की शिक्षणासाठी त्यातले निम्मेपर्यंत काढता येतात. खातं मात्र तिला १० वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, तेव्हा याच महिन्यात तिचा जन्मदाखला शोधून ठेवा.