गिटमध्ये फाइल शोधताना: नवोदितांसाठी थोडेसे

आपण गिट (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) नव्याने वापरू लागला आहात, त्यामुळे शोधासाठी ‘फाइंड’ (फाइली शोधणारी आज्ञा) किंवा साध्या ‘ग्रेप’कडे (मजकूर शोधणारी आज्ञा) हात जाणे स्वाभाविक आहे, परंतु गिट कोणत्या फाइलींची नोंद ठेवते हे या आज्ञांना ठाऊक नसते, आणि बिल्डमधून, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, तयार झालेल्या फाइलींपासून गिटचा स्वतःचा साठा असलेल्या ‘.गिट’ फोल्डरपर्यंत सारे काही त्या धुंडाळत बसतात. फाइलचे नाव शोधायचे असेल तर ‘गिट एलएस-फाइल्स’ आणि आतील मजकूर शोधायचा असेल तर ‘गिट ग्रेप’, एवढ्यावर सुरुवातीचे बहुतेक काम भागते.

सर्वाधिक फसगत अवतरणचिन्हांपायी होते. ‘*.पीवाय’ (नावाच्या शेवटी ‘.पीवाय’ असलेली कोणतीही फाइल) असा नमुना अवतरणचिन्हांत न घालता लिहिला आणि चालू फोल्डरमध्ये तशा फाइली असल्या, तर शेल (आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) त्या नमुन्याच्या जागी त्यांचीच नावे भरून गिटकडे पाठवते, आणि उपफोल्डरांतील फाइली कोणतीही सूचना न मिळता निकालातून गळतात. अवतरणचिन्हे घातल्यास नमुना जसाच्या तसा गिटपर्यंत पोहोचतो आणि उपफोल्डरांनाही लागू होतो.

याखेरीज दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात:

- दोन्ही आज्ञा चालू फोल्डर आणि त्याखालीच पाहतात, म्हणून आधी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये जावे.
- ‘गिट ॲड’ (फाइल गिटच्या नोंदीत घेणारी आज्ञा) न केलेली नवी फाइल सापडत नाही. तो बिघाड नव्हे.

पुसलेल्या फाइलीसाठी ‘गिट लॉग --ऑल --’ लिहून पुढे तिचा मार्ग द्यावा. शेवटच्या दोन रेघा गाळू नयेत, अन्यथा फाइल आता अस्तित्वात नसल्याने गिट तक्रार करते. रेग्युलर एक्स्प्रेशनकडे (मजकुराचे नमुने लिहिण्याची गुंतागुंतीची पद्धत) तूर्त वळूच नये.