भूकंपासारख्या धक्क्यातून माणूस समुपदेशनाने सावरतो, की गावाच्या आधाराने?

दोन्ही लागतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप पहाटेच्या झोपेत झाला. अशा आघातानंतर झोप उडणं, जरा आवाज झाला की दचकणं स्वाभाविक आहे. पण महिना उलटूनही तेच चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. थेरपीत ती आठवण हळूहळू, पेलवेल तेवढीच उलगडतात. नातेवाइकांनी मात्र 'सांग काय झालं' म्हणून खोदून विचारू नये, त्याने त्रास वाढू शकतो. त्यापेक्षा सोबत राहा, कामात घ्या. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक', म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा होऊन घरबांधणीच्या कामात उतरल्या. आपल्या शब्दाला किंमत आहे हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.