वाशीतील आमची इमारत भूकंपात कितपत सुरक्षित आहे, हे कसे ठरवावे?
केवळ भूकंपक्षेत्राच्या क्रमांकावरून ते ठरत नाही. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात ठाणे आणि नवी मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात असली, तरी खरा फरक इमारतीखालची जमीन आणि बांधकाम यांमुळे पडतो. खाडीकाठच्या भरावाखालील मऊ चिकणमाती हादरे वाढवू शकते, आणि पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवून खांबांवर उभारलेली इमारत नेमकी तिथेच कमकुवत असू शकते. याच तिसऱ्या क्षेत्रातील अहमदाबादमध्ये, भूकंपकेंद्र २०० किलोमीटरहून दूर असूनही, २००१ च्या भूज भूकंपात अशा अनेक इमारती कोसळल्या. हा पुरावा मला सर्वांत गंभीर वाटतो. मात्र नेहमीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये मुख्यतः तडे आणि गंज तपासले जातात, त्यामुळे सोसायटीने भूकंपरोधकतेची तपासणी स्वतंत्रपणे मागावी.