शत्रूच्याच प्रेमात पडतात अशा फॅन्टसी कादंबऱ्या आवडणं चूक आहे का?

नमस्कार. तुम्ही विचारलंय की एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं हळूहळू प्रेमात पडतात अशा फॅन्टसी कादंबऱ्या तुम्हाला भयंकर आवडतात, पण मैत्रीण म्हणते यात बाईला छळणाऱ्यालाच हिरो केलेलं असतं, तर आपलं चुकतंय का आणि यातल्या चांगल्या कशा ओळखायच्या.

चुकत नाही, अजिबात नाही. पण मैत्रिणीचं बोलणं उडवूनही लावू नका, कारण ती म्हणते तसली पुस्तकं खरंच आहेत आणि मी तीही वाचलीत.

मी खानापूरची, बेळगावात एका पतसंस्थेत काम करते. रोज जाऊन येऊन बस, एका बाजूचे पंचवीसेक किलोमीटर, पावसाळ्यात कधी कधी तासाच्या वर जातो. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट फुकट झालं, तेव्हापासून पासाचे वाचलेले पैसे मी पुस्तकांत घालते. पहिलं पुस्तक मात्र विकतचं नव्हतं, ते ऑफिसातल्या अक्कांनी दिलं. त्या बैलहोंगलच्या, घरी कन्नड, माझ्याशी दोन्ही मिसळून बोलतात. डबा खाताखाता त्यांनी ते जाडजूड पुस्तक माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, ओदु, म्हणजे वाच, मग बोलू. ते होतं रिबेका यारोसचं फोर्थ विंग. ड्रॅगनवर बसून लढायचं शिकवणारं कॉलेज, तिथं व्हायोलेट नावाची किरकोळ अंगाची, सांधे पटकन निखळणारी मुलगी, आणि झेडन, ज्याच्या बापाला राज्याविरुद्धच्या बंडाबद्दल मारलं गेलं. तिची आई त्याच राज्याची मोठी सेनाधिकारी, म्हणजे त्यानं हिचा जीव घ्यायला पुरेसं कारण.

मला त्यात नेमकं काय धरून ठेवत होतं हे कळायला दोन-तीन पुस्तकं जावी लागली. व्हायोलेट ताकदीनं जिंकू शकत नाही म्हणून कुस्तीच्या आधीच प्रतिस्पर्ध्याच्या खाण्यात थोडंसं विष घालते, जीव जाण्याएवढं नाही, नुसतं हातपाय ढिले पडण्याएवढं, आणि तिच्या बरोबरच्या पोरांना पत्ता लागत नाही पण झेडनला लागतो. तिथं मी बसमध्ये पुस्तक मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. कारण आपल्याकडं इतकं लक्ष देऊन बघतं कोण? घरचे बघतात ते जेवली का, झोपली का, एवढंच. शत्रूला मात्र तुमचा प्रत्येक श्वास माहीत असावा लागतो, तुमचा कुठला गुडघा कच्चा, तुम्ही कधी खोटं बोलता, कशाला घाबरता. आणि एवढं सगळं माहीत झालेला माणूस ज्या दिवशी ते तुमच्याविरुद्ध वापरायचं सोडतो त्या दिवशी पोटात जे होतं ना, ते मला साध्या सरळ लव्हस्टोरीत कधी झालं नाही. तिथं हिरो पहिल्याच पानावर भाळलेला असतो, तिला ओळखायच्या आधीच.

फॅन्टसीच का, तर तिथं वैर खरं असतं. ऑफिसात कुणाशी जमत नाही म्हणजे जास्तीत जास्त रजेच्या अर्जावरून कुरबुर होणार. पण दोन राज्यांत युद्ध असेल, एकाच्या बापाला दुसऱ्याच्या माणसांनी मारलेलं असेल, तर मन वळणं म्हणजे बाजू बदलणं होतं आणि बाजू बदलली की मान जाऊ शकते. शिवाय जादूचे नियम लेखकाच्या उपयोगी पडतात. फोर्थ विंगमध्ये त्या दोघांचे ड्रॅगन एकमेकांचे जोडीदार आहेत, फार काळ लांब राहू शकत नाहीत, मग यांनाही राहता येत नाही. होली ब्लॅकच्या द क्रूएल प्रिन्समध्ये (२०१८) परीलोकातल्या लोकांना खोटं बोलताच येत नाही आणि त्यांच्यात वाढलेली माणसाची पोर ज्यूड हिला येतं, तेच तिचं हत्यार. विचार करा, जो तुमचा सगळ्यात जास्त तिरस्कार करतो त्याच्या तोंडून खोटं निघूच शकत नाही, म्हणजे उद्या तो एखादं बरं वाक्य बोलला तर ते खरंच असणार. केवढी मोठी गोष्ट आहे ही.

आता मैत्रिणीचा मुद्दा. याचं उत्तर मला माझ्या आज्जीनं दिलं. गेल्या जुलैत तीन दिवस लाइट नव्हती, पाऊस असा की अंगणातलं दिसत नव्हतं, आज्जी चुलीच्या निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजत बसलेली आणि मी शेजारी मोबाइलच्या उजेडात पुस्तक धरून. तिनं विचारलं, काय वाचूलीस गे एवढं? मी सांगत गेले. ती आठळी सोलायची, फुंकर मारायची, माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, मग? मी रंगात येऊन झेडन कसा वळतो ते सगळं सांगितलं तर आज्जीनं एकच विचारलं. त्यानं तिच्यासाठी सोडलं काय?

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला मी हाच प्रश्न विचारते. त्रास त्यानं दिला, मग बदलताना किंमत कुणी मोजली? तिनं रडून, समजून घेऊन, माफ करून त्याला सुधारलं आणि त्याचं काहीच गेलं नाही, तर तुमची मैत्रीण शंभर टक्के बरोबर, ते पुस्तक बाजूला ठेवा. दोघं तोडीस तोड आहेत का तेही बघा. तिच्या हातात सुरी आहे का, निदान डोक्यात तरी? की तो राजा, तिच्या हातापायात बेड्या आणि तरी लेखिका त्याला प्रेमच म्हणतेय? असलं एक मी अर्ध्यात सोडलं, पैसे गेले, गेले. क्रूएल प्रिन्समध्ये राजपुत्र कार्डन सुरुवातीला ज्यूडला खरंच वाईट वागवतो, त्यावर मैत्रिणीशी तुमचं वाजणार हे धरून चाला. मला ते चाललं कारण ज्यूड गप्प बसणारी नाहीच, डाव टाकण्यात ती त्याला भारी पडते, आणि खरं सांगू, त्या पुस्तकात मला प्रेमापेक्षाही मॅडॉकचा भाग जास्त लागला, ज्यानं तिच्या आईबापाला मारलं त्यानंच तिला घरात वाढवलं आणि तिला त्याचा लळाही आहे.

हे सगळं परकीय फॅड आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पुढं आज्जीनंच मला जैमिनी अश्वमेधातली प्रमिला सांगितली, तिच्या लहानपणी चातुर्मासात पोथी लागायची तेव्हा ऐकलेली. स्त्रीराज्याची राणी, पांडवांचा यज्ञाचा घोडा अडवते, अर्जुनाशी लढते आणि शेवटी लग्न त्याच्याशीच. दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या ही तर आमच्या लक्ष्मीश कवीच्या जैमिनी भारतात आहे, कन्नडात. म्हणजे एकच गोष्ट आमच्या दोघींच्या घरी दोन भाषांत आलेली आणि डब्याच्या वेळेला आम्ही रिबेका यारोसवर बोलतोय! आज्जीचं मात्र प्रमिलेबद्दलही समाधान नाही, राज्य तिचं सुटलं, अर्जुनाचं काय सुटलं, असं म्हणते. आणि खाडिलकरांचं मानापमान घ्या, १९११ चं नाटक, श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते आणि मग त्याच्याच प्रेमात पडते. वैर नाही म्हणा ते, पण अपमानातून प्रेमापर्यंतची वाट तीच.

काय वाचायचं, तर तुमच्यासाठी मी डॅनिएल जेन्सनचं द ब्रिज किंगडम सुचवेन. लारा नावाची राजकन्या, लहानपणापासून वाळवंटात लपवून वाढवलेली, शत्रूचं राज्य किती दुष्ट एवढंच शिकवून हेर म्हणून तयार केलेली, आणि मग त्याच राजाशी तिचं लग्न लावून देतात. इथं दगा देणारी तीच आहे, नवरा सरळ माणूस. तिथली माणसं, त्यांचे हाल डोळ्यांनी बघताना तिला कळत जातं की आपल्याला जे शिकवलं ते खोटं होतं, आणि तोवर बरंच काही करून बसलेली असते. मैत्रिणीलाही हेच द्या, तिची तक्रार इथं बसतच नाही. फोर्थ विंगमध्ये शरीरसंबंधांचे मोकळे प्रसंग आहेत, ते खटकत असतील तर आधी क्रूएल प्रिन्स घ्या, ते मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. इंग्रजी जड गेलं तर पहिली पन्नास पानं दम धरा, नावं आणि राज्यं एकदा बसली की पुढं सुटतं.

एकच वाईट वाटतं, मराठीत अशी कादंबरी हवी, सह्याद्रीतला घाट, दोन गढ्या, पिढ्यानपिढ्यांचं वैर, एखादी जाखाई कुणाच्या अंगात आलेली. मी लिहून बघितलंय थोडं, सोळा पानं झालीत. आज्जीला वाचून दाखवलं तर म्हणाली, भांडण चांगलं झालंय, पण दोघं एकमेकांकडं अजून नीट बघतच नाहीत. आता तेवढा भाग परत लिहायला घेतलाय.