नळाचं पाणीच कोमट, मग वर्ट गार कसं करायचं?

घरी बिअर करायला नुकती सुरुवात केलेल्यांचे हे प्रश्न. वर्ट म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) उकळलेलं गोड पाणी; ते गार करून त्यात यीस्ट घातलं की आंबून बिअर होते. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

ह्यूस्टनमध्ये राहतो. पाच गॅलनसाठी तांब्याची कॉइल (चिलर: वर्टमध्ये बुडवून आतून गार पाणी फिरवायची वेटोळी नळी) घेतली, पण उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं. वर्ट ३५च्या खाली जातच नाही. लांब कॉइल घेऊ?

पैसे वाचवा. कॉइल कितीही लांब घेतली तरी नळाच्या पाण्यापेक्षा वर्ट गार होणार नाही. नळाच्या पाण्यावर ४० अंशांपर्यंत उतरवा. मग बादलीत बर्फाचं पाणी घेऊन, फिशटँकमध्ये असतो तसला छोटा पंप त्यात सोडा आणि तेच पाणी कॉइलमधून फिरवा. बर्फ आधीच वापरलात तर उकळत्या वर्टपुढे तो बघता बघता संपेल.

दुसरं म्हणजे कॉइल नुसती बुडवून ठेवू नका. तिच्या लगतचा थर गार होतो आणि बाकीचं पातेलं तापलेलंच राहतं. बाहेर येणाऱ्या नळीला हात लावून बघा: वर्ट ढवळलं की नळी लगेच जास्त गरम लागते. ढवळायचा डाव स्वच्छ आणि निर्जंतुक हवा.

एवढा खटाटोप नको असेल, तर ३५ अंशांचं वर्ट निर्जंतुक फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) ओतून झाकण घट्ट लावा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी १८-२० अंशांवर आणून यीस्ट घाला.

रात्रभर ठेवलं तर वर्ट नासणार नाही का? सगळे तर वीस मिनिटांत गार करायला सांगतात.

लवकर गार केल्याने बिअर नितळ होते आणि जंतूंना संधी कमी मिळते, हे खरं. पण ऑस्ट्रेलियात कित्येक जण उकळतं वर्ट थेट जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून आपोआप गार होऊ देतात आणि त्यांची बिअर उत्तम होते. फक्त हॉप्सचं (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं) गणित बदलतं. वर्ट ८० अंशांच्या वर असेपर्यंत हॉप्स कडूपणा सोडतच राहतात, म्हणून शेवटी घालायचे हॉप्स आणखी उशिरा घाला. पिल्सनर माल्ट (फिकट रंगाचं माल्ट) असेल तर झाकण न ठेवता दीड तास उकळा, नाहीतर शिजलेल्या मक्याचा वास राहतो.

मात्र यीस्ट न घालता वर्ट आठवडेच्या आठवडे ठेवू नका. ते बिअरइतकं आंबट नसतं, अल्कोहोलही नसतं. हवाबंद कॅनमध्ये बोट्युलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) धोका थोडा का होईना, उरतो. एक-दोन दिवसांत यीस्ट पडलंच पाहिजे.

पाकिटावर २५ ते ३० अंशांच्या पाण्यात यीस्ट भिजवा असं होतं, म्हणून वर्टही ३०वरच ठेवलं. खोली २२ अंश. बिअरला नेलपॉलिशसारखा वास येतोय.

ते तापमान भिजवायच्या पाण्याचं, वर्टचं नव्हे. फार गरम दुधात विरजण घातलं की दही बिघडतं, तसंच हे. नेहमीच्या एल यीस्टला (एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला) १८ ते २० अंश मानवतात. त्यात आंबताना वर्ट स्वतः तापतं. ऐन भरात ते खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज वर जातं. म्हणजे २२च्या खोलीत तुमचं यीस्ट २५-२६ अंशांत काम करत होतं, आणि सुरुवात तर ३०लाच झालेली.

नवशिके चिलरवर खर्च करतात आणि फर्मेंटर कुठल्या तरी कोपऱ्यात ठेवून मोकळे होतात. माझ्या मते हे उलटं आहे. चवीचं बरंवाईट बरंचसं पहिल्या तीन दिवसांतच ठरतं. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, त्याला जुना टीशर्ट असा चढवा की खालची कड पाण्यात बुडेल, आणि समोर पंखा लावा. कोरड्या हवेत एवढ्याने काही अंश उतरतात. दमट हवेत टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाका. तेही जमत नसेल तर नॉर्वेतलं क्वाइक यीस्ट आणा. त्यातलं व्हॉस नावाचं यीस्ट ३५ अंशांनाही खुशाल चालतं.

हे सगळं पुण्यात घरी करता येईल का?

नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना.

चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. बाटल्या भरू?

बुडबुड्यांवर विसंबू नका. झाकण नीट बसलं नसेल तरी ते थांबतात. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी (द्रवाची घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा तोच आणि रेसिपीत दिलेल्या शेवटच्या ग्रॅव्हिटीजवळ असला, तरच भरा. साखर शिल्लक असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, काचा दूरवर उडतात. मोजायला काढलेला नमुना परत ओतू नका, चाखून बघा: लोण्याचा वास आला तर आणखी दोन-तीन दिवस, जरा उबदार जागी.