नारळावरच्या कोळ्याला बुरशीचा उतारा

प्रश्न : आमच्या माडांच्या कोवळ्या फळांवर देठाजवळ पांढरट त्रिकोणी चट्टे पडतात, पुढे ते तपकिरी होऊन तडकतात आणि नारळ लहानच राहतो. कृषी सेवा केंद्रातून कोळी (जाळे विणणारा नव्हे, फळाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव) मारणाऱ्या बुरशीची भुकटी मिळाली आहे. पण पावसाळ्यापूर्वी आम्ही शेंड्यात बोर्डो मिश्रण ओततो, ते बुरशी मारण्यासाठीच. मग ही दुसरी बुरशी टिकणार कशी?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. फ्लोरिडातील लिंबूवर्गीय बागांत बोर्डो मिश्रणासारखीच ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारल्यानंतर कोळी उलट वाढल्याचे दिसून आले, कारण त्यांना आटोक्यात ठेवणारी हिर्सुटेला थॉम्पसोनी ही बुरशी त्या फवाऱ्याने मरत होती. नारळावरील इरिओफाईड कोळ्यासाठी आपल्याकडे वापरतात ती हीच बुरशी. हा कोळी भारतात प्रथम 1998 मध्ये केरळात नोंदवला गेला.

हा कोळी डोळ्यांना दिसत नाही. त्याची लांबी जेमतेम पाव मिलिमीटर असते. तो फळाच्या देठाकडील पाकळ्यांच्या आड बसून रस शोषतो. पोटात गेल्यावरच काम करणारे जिवाणू किंवा विषाणू पानाफळांवर फवारून अशा रसशोषकापर्यंत पोहोचत नाहीत. बुरशीला मात्र पोटात जाण्याची गरजच नसते. तिचे चिकट बीजाणू कोळ्याच्या अंगाला लागतात, तेथेच रुजतात, त्वचा भेदून तंतू आत शिरतात आणि कोळी मेल्यावर त्याच्या अंगातून बाहेर येऊन नवे बीजाणू धरतात. पाकळ्यांखालची सावली आणि ओल कोळ्याला जशी मानवते, तशी बुरशीलाही मानवते. अडचण आहे ती बीजाणू तेथवर पोहोचवण्याची, आणि म्हणूनच शेतातील परिणाम सर्वत्र सारखे आलेले नाहीत. नुसता शेंडा भिजवून काही साधत नाही. पाडेलीला वर चढवून दोन ते सहा महिन्यांच्या घडांतील प्रत्येक फळाच्या देठाशी फवारा बसला पाहिजे.

बोर्डो मिश्रण सोडू नका, कोंब कुजण्यापासून माड वाचवायला ते हवेच. मात्र ते शेंड्यापुरते ठेवा, घडांवर ओघळू देऊ नका. बुरशीची फवारणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवेत दमटपणा असताना आणि ऊन उतरल्यावर करावी. पंपात आधी बुरशीनाशक वापरले असेल तर तो स्वच्छ धुवावा. जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल-मेच्या फेऱ्यांना कडुनिंबाचे तेल 20 मिली, लसूण 20 ग्रॅम आणि साबण 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, हा जुना उपाय चालू ठेवावा.

भुकटीच्या वेष्टनावर हिर्सुटेलाचेच नाव आहे ना, हे पाहा. बाजारात मित्रबुरशी म्हणून इतरही अनेक विकल्या जातात. उत्पादनाची तारीखही तपासा. अमेरिकेत 1981 मध्ये मान्यता मिळालेले याच बुरशीचे ‘मायकार’ हे उत्पादन साठवणुकीत टिकत नसल्याने काही वर्षांतच बंद झाले. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या दुकानातील भुकटीकडून फार आशा धरू नये. चट्टे पडलेली फळे तशीच राहतील. फरक पडला की नाही, तो फवारणीनंतर येणाऱ्या नव्या पोयींच्या (फुलोऱ्यांच्या) फळांवरच पाहावा.